एकोणसाठ

जेवणाच्या सुट्टीत कॅलमनं हळूच विचारलं,
रागावलीयस का माझ्यावर?
नाही रे. का?
तर म्हणे, तुझ्या मेसेजच्या शेवटी टिंब होतं.

तेवीस वर्षांचा आहे.
टिंब म्हणजे त्याला तोंडावर दार लावल्यासारखं.
पलीकडे मॉरीन, मेमध्ये निवृत्त होणारी,
ईमेल अजून छापून घेते, पेन्सिलीनं खुणा करते.
तोच मेसेज वाचून म्हणाली,
स्वल्पविराम राहिलाय गं एक.
दोघांच्या मधलं टेबल माझं.
खिडकीतून स्विंडनचा तो चौक दिसतो,
एका मोठ्या वर्तुळात पाच छोटी वर्तुळं,
जिथं मी गाडीच्या परीक्षेत दोनदा नापास झाले
आणि तिसऱ्यांदा का पास झाले
ते आजतागायत कळलेलं नाही.

टिंबाशिवाय वाक्य उघडं टाकू नये
हे अप्पांच्या पत्रांनी शिकवलं.
होस्टेलवर यायची, निळी, आंतर्देशीय,
गोंदाच्या पट्टीपर्यंत लिहीत आणलेली.
शेवटी नेहमी: बाकी सर्व क्षेम.
पुढे टिंब, चांगलं दाबून दिलेलं.
आईच्या ऑपरेशनचं
त्या टिंबाखाली होतं सगळं.
मला ते दिवाळीच्या सुट्टीत समजलं.

शनिवारी अप्पांचा फोन अडला, मिरजेत.
पासवर्ड विसरले, मग चुकीचा तीनदा घातला,
मग शेजारच्या लँडलाइनवरून मला लावला.
केया म्हणाली, मी करते,
आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन सोफ्यावर बसली.
आजोबांना कोड येईल, तो वाचायला सांग.

अप्पांनी वाचला. पाढे म्हणावेत तसा, खणखणीत.
सत्त्याऐंशी.
केया माझ्याकडे बघते.
तिला वीसच्या पुढचं मराठी येत नाही,
म्हणजे मी शिकवलं नाही.
आठ, सात, मी इंग्रजीत सांगते.
अप्पांचा सात आधी येतो, मग ऐंशी;
तिला आठ आधी हवा.
माझ्या तोंडात आकडा कुशीवर वळतो.
चौतीस.
तीन, चार.
एकोणसाठ.

इथं मी थांबले.
येत नव्हतं असं नाही. सोपं आहे, पाच, नऊ.
पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकू आलं ते:
राहतो पन्नाशीच्या घरात
आणि नाव लावतो साठीचं,
तेही एक कमी म्हणून.
शाळेत या एकोणांनीच मार खाववला होता,
एकोणतीस, एकोणचाळीस,
कुठल्या दशकात धरायचे तेच कळायचं नाही.

मम्मा! केया ओरडली.
वेळ संपली होती. कोड बाद.
काय झालं गं, अप्पा लँडलाइनवरून विचारतात.
व्हॉट इज ही सेइंग, केया विचारते.
काही नाही, मी म्हटलं,
दोन्हीकडे, दोन भाषांत.

दुसऱ्या कोडला फोन उघडला.
आकडे साधे होते, एकही एकोण नाही.
मग त्या दोघांचंच चाललं, माझ्यावाचून.
त्यांनी तिला अंगठा पाठवला,
तिनं त्यांना नाचणारं मांजर.
मी उठून कुकर लावला.

संध्याकाळी सहाला माझा फोन वाजला.
एकदाच. बंद.
अप्पा, मिरज.
केया म्हणाली, चुकून लागला असेल, कॉल बॅक कर ना.

नको, म्हटलं.
पूर्वी मी पुण्याला पोहोचले की
एसटीडी बूथवरून घरी एक रिंग द्यायचे.
कुणी उचलायचं नाही. पैसे पडायचे नाहीत.
अप्पा तिकडे कडी लावून झोपायचे.

मग आता काय करायचं, ती म्हणाली.
काही करायचं नाही.
ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली,
कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या,
आणि मला कॅलमला उत्तर द्यायचं होतं:
नाही रागावले